खुंट्यांचे खड्डे

बाई, परवा शनिवारी मी तळ्याकाठी तेराजणींसमोर जमिनीवर उताणी झोपले. पन्नाशीची बाई, अंगात नवा कुर्ता, गुडघे कुरकुरतायत आणि डोक्याखाली खडा. सगळ्याजणी मोबाइल काढून उभ्या. एक म्हणाली, "अगं, हिला चक्कर आली बहुतेक, सरबत आणा." दुसरी म्हणाली, "चक्कर कसली, रील बनवतेय." मी आपली डोळे मिटून पाठीला उतार कुठल्या बाजूला लागतोय ते बघत होते, तुम्ही बघायचात तसं. आज सोमवार. घोडबंदरच्या माझ्या घरी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, कारण खुर्चीत बसलं की पाय हलायला लागतात. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठे पोचणार नाही हे मला कळतं. पण शनिवारपासून डोक्यात जे सुरू झालंय ते काही केल्या थांबत नाही. तुम्हाला मी आठवत असेनच. आठवत नसेन असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

आमच्या नववी 'अ'च्या मुलींनी पन्नाशी साजरी करायची ठरवली. हॉटेल नको, देवदर्शन नको, तंबूत राहायचं, असं ग्रुपवर ठरलं. मुरबाडच्या पुढे जंगलात एक तळं आहे, तिथे एकजण असे कॅम्प चालवतो. संडास पत्र्याचे, अंघोळीला बादली, जेवण चुलीवरचं. तंबू मात्र आपल्यासारखे नाहीत हो बाई. आपले ते मेणकापडाचा वास येणारे, बांबूवाले, आणि हे म्हणजे छत्री उघडावी तसे फटकन उघडतात. आम्ही पोचलो तेव्हा त्याने पाण्याकडे तोंड करून सातही तंबू एका ओळीत लावून ठेवलेले. सगळ्या "वॉव" म्हणत फोटो काढायला धावल्या. मी जागच्या जागी उभी. मधले तीन तंबू सरळ सरळ ओघळात होते.

ओघळ कोरडा असला तरी कसा ओळखायचा, हे तुम्ही आम्हाला शाळेच्या पहिल्याच कॅम्पला शिकवलं होतंत. गोटे गुळगुळीत असतात. गवत एकाच बाजूला झुकलेलं असतं. आणि पडलेली पानं दगडांना अडून अडून बसलेली असतात, कुणीतरी झाडून लावल्यासारखी. "पानं बघा गं, मग मला विचारा," म्हणायचात. मग पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट तसेच, तुम्ही जमिनीवर आडव्या व्हायचात आणि आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. उठलात की साडी झटकून चार खुंट्या ठोकायचात. त्या चार खुंट्या म्हणजे तंबूची जागा. त्यांना कुणी हात लावायचा नाही.

मी कॅम्पवाल्याला म्हटलं, हे तीन तंबू वर घ्या. तो म्हणाला, "काकू, आकाश बघा ना, एक ढग नाही. आणि वरून व्ह्यू येत नाही." तो चुकीचं काही बोलत नव्हता, ढग खरंच नव्हता. मग मी आडवी झाले. उठले ती केसात पानं घेऊन, आणि म्हटलं, "वर घ्या, नाहीतर मी आत्ता कल्याणला जाणारी गाडी पकडते." त्याने घेतले बिचाऱ्याने. सगळ्या हसत होत्या, आणि त्यात ती ठाकुर्लीची माझी मैत्रीण, जिचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही, ती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली, "बघा गं! बाईंनी त्या वेळी एवढं केलं असतं, तर माझा हात असा हँडलसारखा राहिला असता का?"

ती हे दर वेळी म्हणते. ग्रुपवर तुमच्या स्मृतिदिनाला कुणी फोटो टाकला की हात जोडलेली चित्रं येतात, आणि शेवटी हिचं असतंच, 'बाई छान होत्या, फक्त तंबूची जागा चुकली.' पुढे हसरा चेहरा. मी दर वेळी काहीतरी टाइप करते आणि पुसते. शनिवारी तिच्यासमोर उभी होते, खांद्यावर माती होती, तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर "चहा झाला का बघते." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. माझ्या तर मनात हॅलोजन लागलेला.

तो दिवस मला असा दिसतो. दिवाळीची सुट्टी संपत आलीय, शहापूरकडचं तळं, सकाळचे दहा. आम्ही एसटीतून उतरलोय आणि तुम्ही एकेकीची पिशवी तपासताय. माझ्या पिशवीत आरसा, पावडरचा डबा आणि मोत्यांची माळ निघते. तुम्ही तो आरसा सगळ्यांना दिसेल असा वर धरता आणि म्हणता, "काय गं, इथे कॅम्पला आलीस की नांदायला?" अख्खा वर्ग फुटतो. परत जाणारा एसटीचा कंडक्टरसुद्धा हसतो. तुम्ही आरसा परत माझ्या पिशवीत ठेवता, माझ्या डोक्यावर टपली मारता आणि पुढच्या पिशवीकडे जाता. तुमच्या लेखी विषय तिथे संपतो. माझ्या लेखी सुरू होतो. चौदा वर्षांच्या मुलीला 'नांदायला' हा शब्द किती लागतो, हे तुम्हाला कळायला हवं होतं बाई. हे मी अजून तुमच्यावर रागावून लिहितेय. लिहू दे.

मग तुम्ही जागा बघितल्यात, खुंट्या ठोकल्यात, आणि दुपारी डबे खाऊन झाल्यावर दोन मुलींना घेऊन दूध आणि प्यायच्या पाण्याचं बघायला गावात गेलात. सोबतच्या दुसऱ्या बाई आंब्याखाली सतरंजी टाकून पेंगत होत्या. मुली काटक्या गोळा करायला पांगल्या. आमच्या तंबूच्या चार खुंट्या वर, कातळाच्या कडेला होत्या, तिथून तळं दिसत नव्हतं. मी त्या उपटल्या आणि खाली ओघळात, पाण्याकडे तोंड येईल अशा ठोकल्या. दगडाने. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पानं मला दिसत होती. दगडांना अडून बसलेली, तुम्ही सांगितलेली सगळी पानं मला दिसत होती. मी मनात म्हटलं, 'बाईंना काय कळतंय.' मुली आल्या, खुंट्या दिसल्या, तिथे तंबू उभा राहिला. तंबूतून तळं काय सुंदर दिसत होतं! मी आरसा काढून बांबूला टांगला.

तीन वाजता आभाळ भरलं ते दहा मिनिटांत फुटलं. ऑक्टोबरचा पाऊस, धड इशारासुद्धा देत नाही. तंबूत आम्ही सहाजणी. आधी सतरंजी गार लागली, मग उचलली गेली, मग बांबू आडवा झाला. सगळ्या किंचाळत बाहेर. ती मैत्रीण गोट्यांवरून घसरली, कोपरावर पडली. तुम्ही गावातून पळत येताना मला दिसलात, साडी गुडघ्यापर्यंत धरलेली, हातात दुधाची किटली, आणि किटलीत पावसाचं पाणी. तुम्ही तिला उचललंत, तिच्याच ओढणीने हात गळ्यात बांधलात. मग उभ्या राहिलात आणि तंबू कुठे आहे ते बघितलंत. मग वर कातळाकडे बघितलंत. मग माझ्याकडे.

संध्याकाळी शाळेतून मोठ्या बाई जीप घेऊन यायच्या होत्या. त्याआधी तुम्ही एकट्या वर गेलात. खुंटी काढली की खड्डा बुजवायचा, गुराचा पाय मोडतो, हा तुमचाच नियम. त्या चार खड्ड्यांत तुम्ही टाचेने माती लोटलीत, वरून चेपलीत, ओलं गवत ओढलंत. मी आंब्यामागून बघत होते. मोठ्या बाई आल्या, त्यांनी विचारलं, जागा कुणी ठरवली? तुम्ही म्हणालात, "मी ठरवली." मला दातखीळ बसली होती. नंतर सुटली, पण तोपर्यंत बोलायची वेळ गेली, असं मी स्वतःला सांगितलं. छत्तीस वर्षं तेच सांगतेय.

कॅम्प बंद झाले. तुम्हाला शिवणाचे तास दिले. तंबू कोठीत पडून होते, ते घुशींनी खाल्ले. तुम्ही मला दहावीपर्यंत शिवण शिकवलंत, माझा काज चांगला आला तर चांगला म्हणालात, वाकडा आला तर उसवायला लावलात. सगळ्यांसारखंच. तुम्ही एकदा तरी मला फाडकन मुस्कटात मारायला हवी होतीत. मग मी रडले असते, बोलले असते, मोकळी झाले असते. तुम्ही मला मोकळं सोडलंत आणि मी अडकले.

परवाच्या कॅम्पमध्ये काही पाऊस आला नाही. एक थेंब नाही. सकाळी तंबूतून बाहेर येणारी प्रत्येकजण माझ्याकडे बघून हात पुढे करून पाऊस पडतोय का बघत होती, टवाळ कुठल्या. मी रात्रभर कूस बदलत होते. बाकीच्या होडीत बसायला गेल्या. ती आणि मी पोह्यांच्या ताटल्या घासायला पाण्याकाठी. ती डाव्या हाताने घासते, उजव्याने नुसती ताटली धरते. ते बघितलं आणि तोंडातून निघालं, "खुंट्या मी हलवल्या होत्या."

तिने ताटली विसळली. म्हणाली, "माहितीये."

"काय माहितीये?"

"अगं, मी काटक्या घेऊन येत होते. तू दगडाने ठोकत होतीस. मी बघितलेलं. मला वाटलं, बरंय, तळं दिसेल."

मी तिथेच चिखलात बसले. ती सांगत होती. तिचा हात प्लॅस्टरमध्ये असताना तुम्ही तिच्या घरी गेलेलात. तिची आई दारातच ओरडली, "माजे पोरीचा हात मोरला बाय, तुमाला काय त्याचा!" तुम्ही उभ्यानेच ऐकून घेतलंत. आई पाणी आणायला आत गेली तेव्हा ही रडत म्हणाली, बाई, तुम्ही खोटं का सांगितलंत, खुंट्या तर तिने हलवल्या. तर तुम्ही तिला म्हणालात, "मला ठाऊक आहे. तू कुणाला बोलू नकोस. तिचं तिला सांगू दे. सांगेल ती."

"मी शब्द दिलेला बाईंना," ती म्हणाली. "म्हणून दर वेळी टोचायची तुला. म्हटलं, आता तरी बोलेल. छत्तीस वर्षं! काय गं तू!"

मी विचारलं, "राग नाही आला?"

"हाताचा नाही आला. आई मरेपर्यंत बाईंना शिव्या देत होती, आणि मी गप्प ऐकत होते, त्याचा आला. अजून आहे." मग तिने घासलेल्या ताटल्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "चल, पुसून घे. आणि ग्रुपवर तूच लिही. मी नाही लिहिणार."

लिहिलं. काल निघायच्या आधी, सगळे खड्डे बुजवून झाल्यावर. कॅम्पवाला म्हणत होता, "राहू दे काकू, पुढच्या शनिवारी परत तिथेच ठोकायच्यात." तरी बुजवले, टाचेने. ग्रुपवर कुणी काय म्हटलं ते अजून उघडून बघितलेलं नाही. फोन पालथा घालून ठेवलाय, सारखा थरथरतोय. डाळ खाली लागली, वास येतोय. नवरा दोनदा डोकावून गेला, "कुणाला लिहितेस एवढं?" म्हणाला. मी म्हटलं, शाळेचं आहे.

एकच राहिलं. तुम्ही जायच्या दोनेक वर्षं आधी ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावर आपण भेटलो. माझ्या हातात भाजीची पिशवी, तुमच्या हातात काठी. तुम्ही विचारलंत, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो बाई." मग तुम्ही कठड्याला धरून उभ्याच राहिलात. निघाला नाहीत. मी म्हटलं, "बाई, जिना चढून दम लागला का? थांबा, रिक्षा बघते तुमच्यासाठी." तुम्ही "नको गं" म्हणालात, तरी मी धावत खाली गेले. वर येऊन बघते तर तुम्ही हळूहळू दुसऱ्या बाजूने उतरत होतात. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, बाई थकल्या आता, धाप लागते.

धाप लागलेली नव्हती. तुम्ही कशासाठी थांबला होतात ते मला तिथेच कळलं होतं, बाई. म्हणूनच मी रिक्षा बघायला गेले.