ह्यांच्या नावाचं धान

१७ नोव्हेंबर
खिडकीतून वापस लावलं मले! सकाळच्या बसनं सोसायटीत गेली, सरकारी भावानं धान विकाचा टोकन घ्याले. संगणकावर बसणारा भार्गव म्हणतो — "माताजी, इस खाते का टोकन कट चुका." कोणी काटला? "गंगाधरजी ने." अरे, ते मरून चार वर्षं होत आली! पोट्टा वरसुद्धा पाहत नाही. "सिस्टम में तो ज़िंदा हैं."
चौपन्न वर्षांच्या संसारात ह्यांचं नाव घेतलं नाही. आज सगळ्या रांगेसमोर ओरडली, गंगाधर मेले!

१८ नोव्हेंबर
मेलेल्या माणसाचा हेवा वाटते, सांगू कोणाले?
जिते होते तवा ह्यांचं धान दर वर्षी ओलं निघे. मशीन वीस टक्के ओल दाखवे; सतराच्या वर घेत नाहीत. तवा मशीनवर भार्गवचा बाप बसे; त्याच्या घरी दोन पोती पोचली, की तेच धान वाळे. आता मेल्यावर पहिल्याच दिवशी टोकन! अन् माझं खरं धान खळ्यात ताडपत्रीखाली. एका खात्यावर एकदाच विकता येते. ह्यांनी विकलं, की मी बसली.
शेत माझ्या नावावर चढवा म्हणून तीन वर्षं पटवारीच्या दारी गेली. "अगले महीने, अम्मा." म्हणून तीनही वर्षं धान कोचियाले दिलं — गावोगाव फिरणारा दलाल. देईल तो भाव. यंदा म्हटलं, ह्यांच्याच खात्यावर टोकन मागून पाहू.

२१ नोव्हेंबर
नातीनं, यामिनीनं, मोबाईलवर ह्यांचं खातं काढलं. शेतकरी येऊ शकत नसला तर त्याच्या जागी अंगठा लावणारा माणूस असते म्हणे. तिथं लिहिलं आहे — रीना, वय ३१, संबंध: पत्नी.
पोट्टी हसून हसून लोळली. "आजी, आजोबा तो छुपे रुस्तम निकले!" दिला एक धपाटा.

२२ नोव्हेंबर
एकतीस!

२५ नोव्हेंबर
गेली पाहाले. भार्गवची साळी आहे ती रीना, बायकोची बहीण. नळावर भांडी घासत होती. नाक बरं आहे, बाकी काही नाही. म्हटलं, मी तुझी सवत. ती घाबरली — "मैं किसी की पत्नी-वत्नी नहीं हूँ अम्मा! जीजाजी बोले अंगूठा लगा, लगा दिया." मिळते काय तुले? "साल की एक साड़ी."
साडी! ह्यांच्या नावावर! मले ह्यांनी आपल्या मनानं आणलेल्या साड्या तीन. त्यातली एक बहिणीनं नको म्हटलेली.

१ डिसेंबर
कोचिया खळ्यावर आला. "दे दो अम्मा, चूहे खा जाएँगे." विचारलं, आजवर माझं धान नेलं कुठं? दात काढले त्यानं. "कहाँ ले जाता? सोसायटी में. दादाजी के खाते में."
म्हणजे माझंच धान! ह्यांचं नाव, तिचा अंगठा, भार्गवचा भाव. घाम तेवढा आपला.

४ डिसेंबर
मृत्यूचा दाखला पदरात बांधून गेली. भार्गवले म्हटलं, आता जातेच तहसीलदाराकडे. त्यानं चहा सांगितला. तवाच समजली, भेला हा! पण कप ठेवत म्हणतो — "जाइए. पूछेंगे तीन साल मुर्दे का धान किसने बेचा. खेत आपका, धान आपका. वसूली भी आपसे."
मग आवाज खाली — "ऐसा करते हैं. रीना का नाम काट के आपका चढ़ा देता हूँ. पूरा भाव आपका. दो बोरा मेरा. बस दादाजी को ज़िंदा रहने दो."

५ डिसेंबर
चूक आहे, कळते मले. तिसरी शिकली तरी कळते.
पण रीनाले काढतो म्हणाला. बसमध्ये तेवढंच कानात वाजत होतं.

१९ डिसेंबर
धान विकलं. चौदा टक्के ओल! खळ्यातून उचललं तसंच नेलं होतं, एक दिवसही वाळवलं नाही. अंगठा माझा. संबंध: पत्नी. यामिनीकडून दोनदा वाचून घेतलं.

११ जानेवारी
सून विचारून राहिली — "आई, परवा बाबांचं श्राद्ध. गुरुजीले सांगू ना?"
नको म्हटलं. जित्या माणसाचं घालत नसतात.