गवाक्ष, दर्वी आणि पाचवा शब्द

ज्याच्या कृपेने वाणीला शब्द सापडतो, आणि आपल्या हातून निसटलेलेही ज्याच्यापाशी सुखरूप राहते, त्या दयाघनाचे स्मरण करून,

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना, की नुसती बाटलीकडे बघतेस? मी देहाने खुशाल आहे, मनाने संतप्त. (क्रोध आवरावा असे मी जन्मभर लोकांना सांगत आलो, हे मला ठाऊक आहे. तूर्त तो भाग बाजूला ठेव.)

चिरंजीवांनी मला परवा दवाखान्यात नेले. कारण काय, तर माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. (तो तेथे स्वतःच्या पायांनी गेला नाही, हे मीही मान्य करतो.) वाटेत म्हणतात, "बाबा, निकाल बरा नाही आला तर या घराला कुलूप. आमच्याकडेच राहायचं." रोज पहाटे माझे पठण ऐकून ज्या भिंतींनाही संहिता पाठ झाली असेल, त्यांना कुलूप!

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाच्या. "आजोबा, आपण एक छोटासा खेळ खेळू या हं," म्हणाल्या. खेळ! मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगायचे. आरंभ भगवंतापासून करणे युक्त, म्हणून मत्स्य, कूर्म, वराह असे म्हणत गेलो आणि नृसिंहापाशी अडलो. त्यास पूर्ण प्राणी गणावे की अर्धा? दोन्ही पक्ष मनात मांडून निर्णयाप्रत येतो, तोच मिनिट संपले. बाईंनी तीन मांडले. म्हणजे कुत्रा, मांजर, म्हैस असे बडबडणारा शहाणा, आणि विवेक करणारा भ्रमिष्ट!

याहून मोठा अन्याय पुढेच. लक्षात ठेवायला पाच शब्द दिले होते: खिडकी, गाजर, शाळा, चमचा आणि आणखी एक. (तो येथे महत्त्वाचा नाही.) पाठ करायचे ते श्लोकात बांधून, ही आपल्या घरची सवय, म्हणून मी तत्काळ संस्कृतात श्लोक रचला. देववाणीत खिडकी शोभेना, तिचे गवाक्ष केले. गाजराचे गृंजन, चमच्याची दर्वी. बाईंनी विचारताच खणखणीत म्हणून दाखवले.

"आजोबा, दर्वी काय? मी असं काही सांगितलंच नव्हतं."

"अहो, चमचाच तो!"

"मग चमचा का नाही म्हणालात?"

चिरंजीव मान खाली घालून हसत होते. अर्थ शाबूत असताना मला विसराळू ठरवले, ताई! पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तो श्लोक तुला लिहून पाठवावा म्हणून बसलो. तीन चरण झरझर उतरले. चौथ्यात तो पाचवा शब्द आहे. सकाळपासून त्याची वाट पाहतो आहे, आला नाही.

आणखी ता. क. लहानपणी तू पोथी हाती धरून माझे पाठांतर ऐकायचीस, आणि चुकलो की कान पिळायचीस. परीक्षेआधी येऊन राहशील? चमच्याला चमचाच म्हणेन, वचन देतो. चष्मा सापडला की तुझी खोली झाडून ठेवतो.

हे पत्र जो जो वाचील त्याचे, आणि त्या डॉक्टरीणबाईंचेही, कल्याण होवो. आणि ज्याला पुढे काहीच आठवणार नाही, त्यालाही भगवंत नावानिशी ओळखो.