मध्यंतरापर्यंतचं पाप

२ मार्च, सकाळ
नवीन फादरांनी बोलावलं होतं. चर्चच्या मासिकात चित्रपट-परीक्षणाचं पान मी अकरा वर्षं लिहिते. काय पाहू नये, ते लोक माझ्या भरवशावर ठरवतात. वाटलं, चार कौतुकाचे शब्द बोलणार. तर विचारतात, मावशी, या अंकातला सिनेमा कुठल्या थिएटरात पाहिलात? म्हटलं, फादर, मी सिनेमे पाहत नाही. परीक्षण लिहिते.
फादर बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. दिलगिरी कशी व्यक्त करावी, हे सुचत नसावं.

त्याच दिवशी, दुपार
दिलगिरी नव्हती. यापुढे तिकीट जोडलं नाही तर पान छापणार नाहीत. म्हणजे विष आहे हे सांगायला आधी घोटभर प्यायचं. शाळेत सिस्टर शिकवायच्या, पापाच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू नका. हे फादर आम्हाला बाल्कनीत बसवणार.
आणि गरज काय? धाकटी बहीण दर महिन्याला जाते. घरी आली की चहा पीत गोष्ट सांगते, मी शॉर्टहँडमध्ये टिपते. जहाज कंपनीत चौतीस वर्षं हेच केलं. साहेबांनी सांगायचं, मी टाइप करायचं. जहाज एकदाही पाहिलं नाही. त्यामुळे एकही बुडालं नाही.

५ मार्च
निर्णय पक्का. जाणार नाही. माझं पान गेलं तर त्या मासिकात मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळांशिवाय उरतं काय?

८ मार्च, रविवार
उरतं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी ‘कपड्यांवरचे डाग : घरगुती उपाय’ लिहायची तयारी दाखवली आहे. फादर म्हणाले, उपयुक्त आहे.
उद्या जाणार. तत्त्वासाठी.

९ मार्च
सिनेमा एका सिस्टरचा. कॉन्व्हेंट सोडून पळून जाते. बहिणीला सोबत घेतलं. कोणी ओळखू नये म्हणून काळा चष्मा लावला, पायरी दिसली नाही. तिकीट फाडणाऱ्याने दंड धरून खुर्चीपर्यंत नेलं आणि आजी, सांभाळून, असं अख्ख्या थिएटरला ऐकवलं.
मध्यंतरापर्यंत नऊ पानं टिपली. भयंकर आहे. सिस्टर खोटं बोलते, चोरी करते, डोक्यावरचं कापड पुलावरून खाली टाकते. परीक्षण तयारच होतं. उठायचं म्हणून बहिणीकडे वळले, तर ती घोरत होती. ती जागी होईपर्यंत थांबावं लागलं. नाइलाजाने उरलेला भाग पाहिला.
सिस्टर परत येते. पावसात दारात उभी. दार उघडते कॉन्व्हेंटची प्रमुख, म्हातारी सुपीरियर. वाटलं, आता चांगली कानउघाडणी करणार. ती एवढंच म्हणते, उशीर केलास, जेवण गार झालंय.
डोळ्यांतून पाणी आलं. तिथला एसी फार कडक आहे.

१० मार्च
बहिणीला सहज विचारलं, नेहमी झोपतेस का? म्हणाली, ताई, मध्यंतरात सामोसा खाल्ला की डोळे मिटतातच. मग गेल्या वर्षीच्या सिनेमातल्या त्या दारुड्या डॉक्टरचं शेवटी काय झालं? म्हणाली, कोण जाणे, पीत बसला असेल. आणि ती सावत्र आई? ती वाईटच होती गं, तूच तर लिहिलंस.
अकरा वर्षं.
पुस्तकांच्या बाबतीत मी आधी शेवटचं पान वाचते, दुष्टाला शिक्षा झाली की नाही ते बघते, मगच पुस्तक घरात घेते. सिनेमाचं नेमकं उलटं झालं. दोष पद्धतीचा नाही. सामोशाचा आहे.

१५ मार्च, रविवार
मिस्सेत वाया गेलेल्या मुलाचं वाचन. तोच, बापाची इस्टेट उडवतो, डुकरं राखायची वेळ येते आणि शेवटी घरी परततो तो. फादरांनी मुद्दाम निवडलं असणार. चर्चची व्यवस्था बघणारा सॅक्रिस्टन म्हणतो, वाचनं कॅलेंडरप्रमाणे येतात. येत असतील. पण ही गोष्ट माझ्या बहिणीकडून ऐकली असती तर हा मुलगा अजून डुकरांतच राहिला असता, हा विचार काही केल्या जाईना. कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या रांगेत मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. दोनदा.

१८ मार्च
कन्फेशनला गेले. म्हटलं, फादर, माझ्या बहिणीमुळे एक चूक झाली. फादर म्हणाले, बहिणीचं पाप बहीण सांगेल, तुमचं सांगा. सांगितलं. जाळीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

२० मार्च
फादरांनी पान बहिणीला दिलं. निदान ती थिएटरात जाते, म्हणतात. माझं काम, मध्यंतरानंतर तिला कोपराने ढोसून जागं ठेवणं. या वयात जबाबदारी कमी करावी, असं माझ्याही मनात होतंच.

१२ एप्रिल, रविवार
ढोसायचं राहून गेलं. सिनेमा जरा बरा होता.
आज मासिक आलं. बहिणीने लिहिलंय : पुढचं मला माहीत नाही, ताईला विचारा, ती हुंदके देत होती.
मिस्सा संपल्यावर अकरा जण विचारायला आले, शेवट काय? ऑर्गनवाल्या बाई सगळ्यात पुढे. बारावे फादर.
कोणालाही सांगितलं नाही. म्हटलं, जाऊन बघा.