आईचं पाणी

पवनी, १८ ऑगस्ट

ताई,

खुशबूच्या हातात मी पाण्याचा गडवा दिला, तिनं तो तसाच खाली ठेवला. तिच्या सात महिन्यांच्या मुलीला कालपासून जुलाब. आशाताई म्हणून मी पाहायला गेले होते. तू बरी आहेस ना? भाऊजींना नमस्कार.

मुलगी रडत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, म्हणजे अंगातलं पाणी आटलं नव्हतं, म्हणून मला फार घाई नव्हती. बेंबीला हिंग लावलेला, जायफळ उगाळून चाटवलेलं. सासू शकुनबाई ओआरएसच्या पुडीचं पाणीही पाजत होत्या, उकळून गार केलेलं, मोजून. ओठ सुकले होते ते खुशबूचे.

"तू काहून पीत नाहीस?"

"माय पाणी प्याली का दूध पातळ होते, न् लेकराले खाली लागते," शकुनबाई म्हणाल्या. "धानाच्या बांधीचा धुरा फुटला न् पाणी वाहून चाललं त वरून पाणी बंद करतेत का नाही?"

"मग धान वाळत नाही?"

"वाळते ना! म्हून लवकर धुरा बांधा लागते. शेतकऱ्याची पोरगी न् हे माहीत नाही तुले?"

खुशबू हसली. मीही. किती नेमकं! पुडी लेकरासाठी, म्हणून चालते. बंदी फक्त आईच्या पाण्यावर. माझ्या फॉर्मवर लेकराच्या पाण्याचे चार प्रश्न आहेत, आईच्या पाण्याचा एकही नाही. त्यांना हे कुणी सांगितलं, मी विचारलं. सासूनं. आणि सासूला? "तिच्या मायनं सांगतलं असन."

मला कुणी सांगितलं होतं, ते आठवत नाही.

बपेऱ्याला तुझ्याकडे राहायला आले तेव्हा मी एकोणीसची होते. तुझ्या तान्ह्या कमलेशला जुलाब लागले. माठ मी आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तू पाणी मागितलंस तेव्हा मी म्हणाले, "लेकराकडे पाहा ना, ताई." तिसऱ्या दिवशी तुझं दूध आटलं. पाचव्या दिवशी तो गेला. सगळे म्हणाले, आईचं दूध बाधलं. मी दाराशी उभी होते.

तू पाणी प्यायली असतीस तर तो वाचला असता का, माहीत नाही. नर्सबाईंना नाव न सांगता विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "दूध आटायला नको होतं."

परवा फोनवर म्हणालीस, आता पोटात आहे त्याला डब्याचंच दूध देणार, माझं नको. तेव्हाच सांगायचं होतं. तू रडली असतीस आणि मी थांबले असते, म्हणून लिहिते.

तुझं दूध चांगलं होतं. पाणी मी बंद केलं होतं.

रक्षा

ता. क. आज, १९ तारखेला, सकाळी पुन्हा गेले. शकुनबाई तळ्यावर गेल्यावर खुशबू पोटभर पाणी प्यायली. मुलीला सकाळपासून एकदाच शी झाली. हे पोस्टाच्या दारात उभी राहून लिहिलं. आता पाकीट चिकटवते.