मार्चमधला झरा

११ मार्च
आमच्या गल्लीत झरा आलाय! मुलुंडमध्ये, मार्चात — नितळ, खळखळता, फुटपाथच्या कडेने. तिथेच उभा राहून शाळेतली झऱ्याची कविता म्हटली, मोठ्याने. कवितेच्या तासाला गुरुजी मलाच उभं करायचे. अजून एक ओळ चुकत नाही! रिक्षावाल्याने विचारलं, "काका, बरं आहे ना?" फार बरं आहे, म्हटलं.
कुंदाला सांगितलं. "तुम्हाला गटारातही गंगा दिसते," म्हणाली.

१२ मार्च
सोसायटीची विहीर उतरलीय. कुंदाच्या तुळशीला रोज विहिरीचंच पाणी लागतं. आज दोराला दुसरा दोर बांधून दिला तेव्हा कुठे बादली तळाला टेकली. वर आला गाळ. बागेचा पंपही नुसती हवा ओढतोय.
सेक्रेटरी विशाल जिन्यात भेटला. "काका, मेली विहीर. बुजवून टाकू. दोन गाड्या बसतील."
कुंदा जेवली नाही. लग्न होऊन आली तेव्हा नळ नव्हते. तिचा संसार या विहिरीवर उभा राहिला.
मी झऱ्याकडे गेलो. तिथे बरं वाटलं.

१५ मार्च
धुळवडीपासून झरा गायब! उदास बसलो होतो, तर कुंदा भरली बादली घेऊन दारात. "बघा, विहिरीला पाणी आलं!"
मी म्हटलं, आणि माझा झरा गेला.
ती बघतच राहिली. "अहो… शेजारच्या टॉवरच्या कामावरची माणसं होळीला गावी गेलीत. तिथला पंप बंद आहे!"
तिथे बेसमेंट खणतायत. खड्ड्यात उतरलेलं पाणी उपसून फुटपाथकडेच्या गटारात सोडतात.
नात गार्गी पर्यावरण शिकते. तिला फोन केला. "आजोबा, जमिनीखालच्या पाण्याला कंपाउंड नसतं. ते खोल खड्ड्याकडेच जाणार. विहीर मेली नाहीये, उपसली जातेय."
म्हणजे आमचीच विहीर वाहून जात होती — आणि मी तिच्यापुढे कविता म्हणत होतो!

१७ मार्च
माणसं परतली. पाणी पुन्हा वाहतंय. बघवलं नाही.

२३ मार्च
सोसायटीची मीटिंग. बोलायला उठलो आणि भलतंच सुरू झालं — विहिरीतलं चांदणं, कळशी घेतलेली नवी कुंदा…
"काका, मुद्द्यावर या ना यार!" — विशाल.
कुंदा उठली. "मुद्दा मी सांगते." होळीचं सगळं सांगितलं. "त्यांचा पंप बंद होऊ दे. तरी नाही भरली, तर पहिली पाटी माती मी टाकते."
पंधरा मेपर्यंत मुदत मिळाली. "मग मात्र पावसाआधी बुजवायचीच हां, काकू," विशाल म्हणाला.
साइटवर मिथुन सुपरवायझरला गाठलं. बेसमेंट पुरं झालं की पंप बंद म्हणे. कधी? "होईल हो आजोबा!"

४ मे
पंप चालूच. विशालने भरावाचा ट्रक ठरवलाय. तुळस नळाच्या पाण्यावर — पानं गळतायत. कुंदा रोज बादली सोडते. रिकामी ओढते.

१० मे
झरा आटला! गल्ली ठणठणीत कोरडी. आयुष्यात पहिल्यांदा झरा आटल्याचा आनंद झाला — आणि लगेच भीती. आता सबब उरली नाही.
कुंदाची बादली आजही तळाला आपटली.

१३ मे
खालून कुंदाची हाक — "अहो, या आधी, ती दुसऱ्या दोराची गाठ सोडा! उरलेला दोर सगळा पायात येतोय माझ्या!"