मागच्या सीटवरचा माणूस

प्रिय अर्पिताचे बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नका. तोंडी सांगायला गेले की तिसऱ्या वाक्याला तुम्ही "कळलं, कळलं" म्हणता आणि व्हॉट्सॲपवर टाकलं तर खाली नुसता अंगठा येतो. जळगाव जामोदच्या स्टँडवर बस लावून जेवायला बसाल, तेव्हा डब्याच्या पिशवीत हे सापडेल. आधी जेवा, मग वाचा.

मंगळवारपासून माझं डोकं तापलेलं आहे. तुम्हाला वाटतं, चाचणीत नापास झाले म्हणून मी तोंड फुगवून बसलेय. तेही आहेच. राग येणार नाही तर काय होईल? गाडी शिकवायची तर दहावी लागते, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव लागतो आणि वर मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट. दहावी होती. अनुभव माहेरी, धामणगाव बढ्याला, दादाची भाजीची पिकअप बाजारात नेऊन नेऊन झाला होता. राहिलं सर्टिफिकेट, तर एकोणचाळिसाव्या वर्षी आयटीआयला नाव घातलं, अख्ख्या वर्गाची काकू झाले आणि दोन वर्षं ग्रीसने नखं काळी करून घेतली. एकदा गिअरबॉक्स खोलून जोडला तर एक वॉशर उरला. पोरं हसली, मी पुन्हा सगळा खोलला. एवढं करून शेवटी अडकले कुठे, तर अर्ध्या तासाच्या एका धड्यात!

प्रेमानंद सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळा त्यांची, गाडी त्यांची. शिक्षिका म्हणून माझं नाव आरटीओकडे पाठवण्याआधी त्यांच्यासमोर एक पूर्ण धडा घेऊन दाखवायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. शिकायला सिंधूताई होत्या, अंगणवाडीवाल्या, स्टिअरिंग धरून त्यांना चारच दिवस झालेले. आपल्याकडे बाई गाडी शिकायला आली की मागच्या सीटवर तिचा माणूस येतोच. सिंधूताईंच्या मिस्टरांना शेतात काम होतं, ते आले नाहीत. माझे आले! शिकणारीचा नाही, शिकवणारीचा नवरा मागे बसलेला सरांनीही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असेल. बिचारे सरकून कोपऱ्यात बसले.

मग सुरू झालं. मी सिंधूताईंना म्हणाले, क्लच हळू सोडा. तुम्ही मागून, "आता सोड, आता सोड." मी म्हणाले, दुसरा गिअर. तुम्ही, "अजून नाही, आवाज आयक गाडीचा." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. पाच मिनिटांत सिंधूताईंनी माझ्याकडे पाहणं सोडून दिलं. नजर सारखी आरशात, तुमच्या तोंडाकडे. मलकापूर रोडला वळणावर ती म्हैस आडवी आली, तुम्ही "ब्रेक! ब्रेक मार!" म्हणून ओरडलात, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी हातभर अंतरावर थांबली. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. खाली उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, शिकवत कोन होतं? तुमच्या पायाखाली जादा ब्रेक देल्ला हाये, तो काय पाय ठेवाले देल्ला काय?" उद्या दहा वाजता शेवटची संधी आहे. नाही जमलं तर ते मेहकरहून दुसऱ्या बाईंना बोलावणार आहेत आणि माझी दोन वर्षं गेली पाण्यात.

आणि तुम्ही? संध्याकाळी कोपऱ्यावर चहा पिता पिता चार जणांना सांगितलंत, "मी मांगं होतो म्हणून वाचले, नाहीतर गाडी म्हशीच्या अंगावर होती." मी भाजी घेत पलीकडेच उभी होते. इतकी चीड आली होती की मेथीची जुडी तिथंच विसरून घरी आले.

तुमचा हेतू वाईट नाही हे मला समजत नाही असं नाही. पहिल्यांदा पिकअपचं स्टिअरिंग तुम्हीच हातात दिलंत. मी आयटीआयचा फॉर्म भरला तेव्हा तुमची आई काय काय बोलली, ते तुम्ही एकट्याने ऐकून घेतलंत. बावीस वर्षं एसटी चालवून एक ओरखडा नाही, त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी माहेरी गेले की सांगत असते. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले.

पण आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. उद्याची रजा टाकलीत, असं काल अर्पिताला सांगत होतात. "तिले एकटं कसं सोडू, मी हाये ना मांगं." ते ऐकलं आणि रात्री उठून हे पत्र लिहायला बसले. मंगळवारचं खरं काय ते मी सरांनाही सांगितलेलं नाही. ती म्हैस मी तुमच्या आधी पाहिली होती. बांधावरून खाली उतरत होती तेव्हाच. माझा पाय जादा ब्रेकवर होता. मी दाबला नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पिकअप घेऊन एकटी निघते तेव्हा माझं असं कधी होत नाही. तुम्ही गाडीत असलात की माझा पाय तुमच्या आवाजाची वाट बघतो. उद्या तुम्ही मागे असाल आणि नेमके एक क्षण खिडकीबाहेर पाहत असाल तर? सिंधूताईंना दोन लहान मुलं आहेत. डेपोत परत आलात की रजा मागे घ्या आणि उद्या जळगाव जामोदची गाडी घेऊन जा. पास झाले तर मीच फोन करीन. नापास झाले तरी मीच करीन, पण मग ते माझं नापास होणं असेल.

तुमचीच,
अनुपमा