हिरव्या पट्टीचा शर्ट

वेदरली, १२ एप्रिल १९५३

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. जॅमची बाटली इथल्या टोळधाडीने संध्याकाळपर्यंत चाटूनपुसून साफ केली, पण बाबांचा शर्ट सुखरूप आहे. हिरवी पट्टी अजून कशी टवटवीत! खांद्यात जरा घट्ट होतो, म्हणजे मी बाबांपेक्षा रुंद झालो हे आता मान्य कर.

बातमी अशी की कॉलेजच्या आठ वल्हेकऱ्यांच्या नावेत माझी निवड झाली, पाचवी जागा! पहाटे नदीवर इतकं धुकं असतं की समोरच्याची पाठ तेवढी दिसते. आठही वल्ही एकदम पाण्यात पडतात, एकदम निघतात, आणि मध्ये क्षणभर नाव आपली आपण जाते, कुणीच काही करत नसल्यासारखी. तेवढ्यात चॅपलची घंटा वाजते. बाबाही असेच इथे बसले असतील असं वाटतं, आणि मी जागा आहे की झोपेत तेच कळत नाही.

मेमधल्या शर्यतीला हाच शर्ट घालणार. हरलेल्यांनी अंगातला शर्ट काढून जिंकलेल्यांना द्यायचा, ही इथली रीत तुला ठाऊकच आहे. म्हणून सगळे मला वेड्यात काढतात. पण बाबांना चार वर्षांत तो एकदाही द्यावा लागला नाही, नाहीतर तुझ्या कपाटात कसा राहिला असता? मग मी कशाला घाबरू?

तुझी माया पार्सलातून अशीच येऊ दे.

तुझा,
ॲन्सेल

पाइन कोव्ह, २० एप्रिल

चि. ॲन्सेल यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी शेजारच्या मिसेस पिंकहॅमना वाचून दाखवलं. आठांत निवड झाली हे ऐकून त्यांनी तुला राजकारणात जायचा सल्ला दिलाय. का, ते विचारू नकोस. इकडचा बर्फ सरला, बोटी रंगवून झाल्या. कुत्रा तुझ्याच खाटेवर झोपतो, त्याला हाकलायचं मी सोडून दिलंय.

शर्ट खुशाल घाल. त्याबद्दल आणखी एक सांगायचं होतं, पण लिहिताना हात अडला. शर्यत झाल्यावर सांगेन. पायमोजे लोकरीचेच घालत जा.

कुत्र्याचा आणि माझा लोभ आहेच.

तुझी आई

वेदरली, १७ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलोच.

दोन्ही नावा धक्क्याला लागल्या. त्यांचा पाचव्या जागेवरचा लाल केसांचा गडी हात पुढे करून उभा होता. आमच्या नावेतल्या डेक्स्टरने माझ्या कानात सांगितलं की माझा जास्तीचा शर्ट त्याला दे, तुझ्या बाबांचा पिशवीत कोंब, कुणाला पत्ता लागणार नाही. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण वल्हवलं होतं ते याच शर्टात. काढून दिला. त्याने नीट घडी घातली आणि थट्टेत म्हणाला की हा तर माझ्या आजोबांच्या जमान्यातला दिसतोय. मी तसाच उघडा, कुडकुडत, घंटा ऐकत बसून राहिलो.

आई, बाबांचं माझ्याकडे तेवढंच होतं. त्यांनी जे कधी गमावलं नाही ते मी गमावलं. जेवणावरची वासनाच गेलीय. त्या मुलाचा पत्ता मिळवलाय. शर्ट मागून घेऊ का? तू म्हणशील तसं करीन. हवं तर रागव, पण उत्तर लवकर धाड.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
ॲन्सेल

पाइन कोव्ह, २१ मे

चि. ॲन्सेल यास,
अ. उ. आ.

मागू नकोस. आधी जेव, मग पुढचं वाच.

तुझे बाबा चारही वर्षं राखीव होते. तू लहान असताना नावेच्या गोष्टी सांगायचे, त्यातली त्यांची जागा कोणती हे तू कधी विचारलं नाहीस, आणि ते गेल्यावर सांगायला मला धीर झाला नाही. दर मे महिन्यात तो शर्ट इस्त्री करून घालायचे आणि आठांतल्या एखाद्याला तरी सर्दी व्हावी म्हणून देवाला साकडं घालायचे. धडधाकट मेले सगळे! हे आपले काठावर, त्यांचे कोट सांभाळत उभे.

शेवटच्या वर्षी आपली नाव हरली. बाकीचे आठ जण उघडेबंब, हसत, शिव्या देत पुलावरून गेले. मी तेव्हा पुलाजवळच्या बेकरीत कामाला होते. हे सगळ्यांच्या मागून आले, अंगात तो कोरा शर्ट. पाव घेतला आणि तिथेच रडायला लागले. म्हणाले की मला कुणी हरवलंसुद्धा नाही.

तो शर्ट माझ्या कपाटात राहिला, तो असा. काल तुझं पत्र वाचून मी रडले ते रागाने नाही, बाळा. त्या लाल केसांच्या मुलाकडे तो असू दे. एवढ्या वर्षांनी तुझे बाबा हरले.

लोभ होता त्याहून वाढलाय.

तुझी आई